यंदा माहेरच सुरतेला येऊ दे

लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम. सुरतेच्या या मराठी वस्त्यांत एप्रिल सरत आला की घरोघरी एकच विषय निघतो : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी कोण जाणार, आणि सुट्टीत पोरं किती दिवस राहणार? जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यापाठी आलेली ही माणसं. तापीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि खानदेशाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. इथे जन्मलेली नातवंडं बाहेर गुजराती बोलतात, गल्लीत हिंदी, घरात मराठी नाहीतर अहिराणी. तरी मे महिना लागला की सगळ्यांची ओढ गावाकडे.

ज्या घरात पाळणा हलायचा आहे, तिथे मात्र हा विषय सोपा राहत नाही. पोटुशी गावी जाणार की इथेच राहणार? थोरल्या लेकराची सुट्टी कुठे जाणार? बाळंतपण कुणी करायचं? या वादाच्या दोन्ही बाजू मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. इथे त्या दोन विहिणींच्या तोंडी घातल्या आहेत. एक अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात शेती करणारी, लेकीची आई. दुसरी लिंबायतमध्ये राहणारी, बरीच वर्षं अंगणवाडीत काम केलेली सासू. सून आठव्या महिन्यात आहे. दिवस जूनच्या मध्यावर भरतात. थोरला मुलगा पाच वर्षांचा. त्याच्या वेळचं बाळंतपण डिसेंबरात, माहेरी पार पडलं होतं. या दोघी कुणा एका घरातल्या नाहीत, पण त्यांचं प्रत्येक म्हणणं कुणीतरी मनापासून धरलेलं आहे.

ऊन कुठलं जास्त?

अमळनेर : विहीणबाई, मी सरळच बोलते. पोरीला न्यायला आले आहे. आखाजी तोंडावर आली. गावात झाडाझाडाला झोके बांधलेत, गौराईची गाणी सुरू झालीत. गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्या. माझीच तेवढी यायची राहिली.

सुरत : आधी बसा, ताक घ्या. पहिल्या वेळी मीच म्हटलं होतं, न्या म्हणून. पण तेव्हा थंडीचे दिवस होते. आता वैशाख आहे.

अमळनेर : वैशाख काय आजचा आहे? माझी दोन बाळंतपणं वैशाखातली. धाब्याचं घर आमचं, वर मातीचा जाड थर. दुपारी दारं लोटून घेतली की आत गारवा. रात्री अंगणात बाज टाकली की पहाटे पांघरूण लागतं. तुमच्या वरच्या खोलीवर पत्रा आहे. पोरगी फोनवर सांगते, रात्रभर घाम निथळतो, डोळ्याला डोळा लागत नाही.

सुरत : ते खरं आहे, नाकारत नाही. सुरतेचं ऊन आकड्यात कमी आणि अंगाला जास्त. समुद्र जवळ, हवेत ओल. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. पण तुमच्याकडच्या झळा निराळ्या. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकतो. कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, अंगातलं किती पाणी गेलं ते बाईला कळतसुद्धा नाही. पोटुशीच्या अंगात रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, तिला पाणी जास्त लागतं. ते कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, कधी दिवस भरायच्या आधीच पोटात कळा सुरू होतात.

अमळनेर : आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही.

सुरत : होत तेव्हाही होतं, विहीणबाई. सातव्या-आठव्या महिन्यात झालेली लेकरं आठवा. किती राहिली?

अमळनेर : माझ्या जावेचं एक गेलं. वैशाखातच.

इथे दोघींच्या मध्ये मला थोडं बोलायचं आहे, कारण सासूबाई अनुभवावरून जे सांगतात ते आता मोजलं गेलं आहे. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढलं की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका सरासरी पाच टक्क्यांनी वाढतो आणि उष्णतेच्या लाटेत सोळा टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. एकेका बाईपुरता हा फरक लहान वाटेल. लाखो घरांच्या शहरात तो लहान राहत नाही. दुसरा अभ्यास आपल्या देशातला, तमिळनाडूतला. तिथे ८०० गर्भवती स्त्रियांची २०१७ पासून नोंद ठेवली गेली. त्यांतल्या ज्या कामाच्या जागी कडक उन्हा-उष्म्याला तोंड देत होत्या, त्यांच्यात गर्भ जाण्याचा धोका दुप्पट निघाला. त्या शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात राबणाऱ्या बायका होत्या. म्हणजे नुसतं ऊन पाहून भागत नाही, उन्हातलं काम पाहावं लागतं. दोन्ही विहिणींना अवघड जाणारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

काम कुठे कमी?

अमळनेर : मग कामाचंच बोलू. इथे ती काय करते, मला ठाऊक आहे. सकाळी डबे, मग धुणं, आणि दुपारी साड्यांचे गठ्ठे. पत्र्याखाली मांडी घालून स्टोन चिकटवायचे, लेस लावायची, धागे कापायचे. वर तो चिकट्याचा वास. आठव्या महिन्यातसुद्धा गठ्ठा येतोय. मी मघाशी कोपऱ्यात पाहिला.

सुरत : पाहिलात, ते बरंच झालं. मी तिला आणा म्हटलेलं नाही. पण बंद कर असंही म्हटलं नाही, ही माझी चूक. लगीनसराईत मार्केटमधून माल जास्त येतो, चार पैसे हाताशी येतात, थोरल्याच्या शाळेची फी जूनमध्येच भरायची असते.

अमळनेर : माझ्याकडे आली की हे सगळं सुटेल.

सुरत : हे सुटेल, पण तुमचं काम लागेल ना? मे महिना म्हणजे वर्षाचं वाळवण. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवा, कांडा, शिजवा, कापडावर थापा, उन्हात राखण करा. कुरडया, पापड, वडे. लेक घरात असताना आई एकटीने करते आणि लेक बघत बसते, असं कुठल्या गावात होतं? तिला तुम्ही बस म्हणाल. ती बसेल का?

अमळनेर : पोरगी बसणारी नाही, हे खरं.

सुरत : आणि पाणी? उन्हाळ्यात तुमच्याकडे नळ रोज येतो का?

अमळनेर : दिवसाआड येतो. कधी दोन दिवसांनी.

सुरत : मग हंडे कोण उचलणार? तुमचे गुडघे दुखतात. तीच उठेल.

अमळनेर : विहीणबाई, तुमचं म्हणणं पटतं, पण एक गोष्ट तुम्ही धरत नाही. सासरी बाई आजारी असली तरी बसताना तिला संकोच होतो. माहेरी ती न विचारता आडवी होते. दुपारी दोन तास पाय पसरून झोपली तर कुणी काही म्हणत नाही, आणि कुणी म्हणेल अशी तिला धास्तीही नसते. ही झोप तुमच्या पंख्याखाली येणार नाही.

हे शेवटचं म्हणणं मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाचं वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत पुष्कळांना आता नुसती सवय वाटते. तिच्या मागे हिशेब होता. सासरच्या कामाच्या रगाड्यातून बाईला दोन-तीन महिने बाहेर काढण्याचा तोच एक मार्ग समाजाने मान्य केला होता. हक्काची रजा कुणाला नव्हती. आजही सगळ्यांना नाही : २०१७ साली कायद्याने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती आस्थापनांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांना. घरात बसून नगावर साड्यांचं काम करणाऱ्या लिंबायतच्या बाईला कुठल्याच हजेरीपटावर नाव नाही, तर रजा कोण देणार? तिच्यासाठी माहेर हीच रजा. म्हणून शहाणपण सांगताना ‘गावी जाऊ नकोस’ एवढंच सांगणं म्हणजे तिची एकुलती एक रजा काढून घेणं आहे. ती काढली तर तिच्या बदली काय देणार, हेही त्याच दमात सांगावं लागेल.

रस्ता आणि दवाखाना

सुरत : आता रस्त्याचं बघा. मे महिन्यात उधन्याहून सुटणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगारही त्याच दिवसांत घरी निघतात. ताप्तीगंगा तर विचारू नका. पॅसेंजर मिळाली तरी व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत जाणार. डबा तापलेला. आठव्या महिन्यात तिला तसं बसवायचं?

अमळनेर : गाडी करू. जावईबापू सोडतील.

सुरत : गाडीतही धक्के बसतात, आणि वाटेत काही झालं तर? आणि पोचल्यावरचं सांगा. रात्री दोन वाजता कळा आल्या, रक्त जास्त गेलं, बाळ आडवं निघालं, तर तुमच्या गावाहून शस्त्रक्रियेची सोय किती लांब?

अमळनेर : अमळनेरला दवाखाने आहेत. फारच अवघड झालं तर धुळे नाहीतर जळगाव.

सुरत : इथून स्मीमेर रुग्णालय रिक्षाने पोचण्याजोगं आहे. मजुरा गेटला नवी सिव्हिल. तिचं नाव इथे नोंदलेलं, ममता कार्ड इथलं, रक्ताचे रिपोर्ट इथले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर फुकट तपासतात, ती तपासणी तिने एकदाही चुकवली नाही. १०८ बोलावली की येते. बाळंतीण घरी सोडायला खिलखिलाट गाडी आहे. इतके महिने ज्यांनी तिला तपासलं त्यांच्या हातून शेवटच्या महिन्यात काढून दुसरीकडे न्यायची?

अमळनेर : कार्ड घेऊन जाता येतं. १०८ आमच्याकडेही आहे. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. हद्द ओलांडली म्हणून काही बाईचं पोट तपासायचं थांबत नाही. आणि पावसाचं तुम्ही बोललाच नाहीत. दिवस जूनच्या मध्यावर भरतात. मोठा पाऊस झाला की मिठी खाडी फुगते आणि लिंबायतच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. २००६च्या पुरात सुरतेचं काय झालं, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो. ऐन वेळी गल्लीत कमरेएवढं पाणी असलं तर तुमचं स्मीमेर जवळ असून काय उपयोग?

सुरत : हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं.

अमळनेर : माझ्या होतं. आईच्या डोक्यात असतं.

सुरत : मग त्याची सोय आधी करू. माझी बहीण पर्वत पाटियाकडे राहते...

अमळनेर : तिथेही पाणी भरतं म्हणे.

सुरत : बरं, मग उधन्याला नणंद आहे, तिचा भाग उंचावर, घर तिसऱ्या मजल्यावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचा रंग बघू. जोर दिसला तर दिवस भरायच्या आधी चार दिवस तिला तिथे हलवू. पिशवी मेअखेर भरून दाराजवळ. कार्ड, रिपोर्ट, आधार, सुती साडी, बाळाची दुपटी.

बाळंतपण दवाखान्यातच करायचं, यावर दोघींचं दुमत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. दोन पिढ्यांपूर्वी वाद तिथूनच सुरू झाला असता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. पूर्वी सुईण गावात होती, विसावा गावात होता, आई गावात होती. म्हणून बाई गावाला जात होती. आज त्यांतली सुईण शहरातल्या प्रसूतिगृहात आली. आई आणि विसावा मात्र गावातच राहिले. हा तिढा एकीच्या हट्टाने निर्माण झालेला नाही, तो काळाने घातला आहे. त्याचं उत्तर दोघींना मिळून शोधावं लागतं.

थोरल्याची सुट्टी

अमळनेर : आणि नातवाचं काय? वर्षभर तो खोलीत. शाळा, शिकवणी, मोबाईल. मे महिन्यातच तो बाहेर पडतो. यंदा बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा आहे, आजोबा त्याला खांद्यावर घेऊन रथ दाखवणार आहेत. आखाजीला घागर भरायची, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा ठेवायचा, पूर्वजांची नावं घ्यायची. हे सगळं बघितल्याशिवाय त्याला आपण कोण ते कसं कळणार?

सुरत : त्याला जाऊ दे की. माझी हरकत नाही.

अमळनेर : आईशिवाय?

सुरत : तिथेच माझं मन अडतं. पाच वर्षांचं पोर. आत्ता त्याला दीड महिना गावी पाठवलं आणि परत आल्यावर आईच्या कुशीत दुसरंच बाळ दिसलं, तर त्याला काय वाटेल? माझ्या धाकट्याच्या वेळी मोठ्याला असंच पाठवलं होतं. तो आला तो माझ्याजवळ येईचना. महिनाभर आजीच्या मागे लपायचा.

अमळनेर : माझ्या पोरांना मी कुठे पाठवलं नाही, म्हणून हे मला माहीत नाही.

सुरत : त्याला बाळाच्या तयारीत घ्यायला हवं. दुपट्याच्या घड्या त्याने घालाव्यात. तुमच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना त्याने सुईत दोरा ओवून द्यावा. बाळाला अंगाई कुठली म्हणायची ते त्याने ठरवावं. बाळ आपल्याकडे येतंय, आपली जागा घेत नाहीये, हे तेव्हा त्याला उमजतं.

अमळनेर : मग असं करा. आखाजी आणि यात्रा, तेवढ्यापुरतं त्याच्या बापाने त्याला घेऊन यावं. रथ बघावा, आंबे खावेत, झोक्यावर बसावं, आणि दोघांनी परत फिरावं. रस खायला सुरतेतही मिळेल.

सुरत : केसर आणि हापूसची वाण नाही इथे. रोज ताटात रस असतो. संध्याकाळी गलेली, म्हणजे ताडगोळे, आणतो, थंडगार. दोन दिवस डुमसला नेऊ वाऱ्यावर. त्याची सुट्टी कोरडी जाणार नाही.

मोठ्या भावंडाची मानसिक तयारी हा विषय आपल्या घरांत फारसा बोलला जात नाही. डोहाळजेवणाची ओटी, हिरव्या बांगड्या, ताटाभोवतीची रांगोळी, शेजारच्या गुजराती घरातल्या सीमंताचं आमंत्रण, हे सगळं आईभोवती फिरतं, आणि पाच वर्षांचं पोर त्या गर्दीत पायापायांत येतं म्हणून बाहेर काढलं जातं. उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी किती सोयीची आहे, पाहा. घरातली सगळी मोठी माणसं तयारीला लागलेली असतात आणि मुलाला शाळा नसते. त्याला सोबत घेऊन तयारी करायची असेल तर याहून चांगले दिवस वर्षात येत नाहीत.

येणार कोण?

इतका वेळ सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आंब्याच्या साली काढत होती. ती आता बोलते.

लेक : आई, आत्याबाई, मी सांगू का? मला दवाखाना जवळ हवा. पहिल्या वेळी रक्त किती गेलं होतं, ते मला आठवतं. पण मला आईही हवी. रात्री बाळ रडलं की उठणारी, मला न विचारता चहा आणून देणारी. दोन्ही एका जागी मिळत नाही, म्हणून मी गप्प आहे.

सुरत : का मिळत नाही? विहीणबाई, तुम्ही या. इथे राहा.

अमळनेर : मी? लेकीच्या घरी? दोन महिने?

सुरत : का नाही?

अमळनेर : लेकीच्या घरचं पाणीही घेऊ नये, असं आमची आजी सांगायची. लोक म्हणतील, विहीण येऊन राहिली, जावयाच्या भाकरीवर.

सुरत : लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवू नये, अशी ती रीत. नातू झाला तेव्हाच ती अट सुटली. पाच वर्षं झाली.

अमळनेर : (थोडा वेळ थांबून) रीत सुटली असेल. शेत कसं सुटेल? जूनचा पाऊस पडला की कापसाची लागवड. पुढे निंदणी. बाई माणूस घरात नसलं तर मजूर बायका कोण बोलावणार, त्यांच्याबरोबर ओळीत कोण बसणार? तुमच्या भाषेत सांगते, माझी तिथे रोजची हजेरी आहे.

सुरत : हा खर्च मी धरला नव्हता, तो धरायलाच हवा. लागवडीपुरत्या तुमच्या सूनबाई आणि व्याही सांभाळतील का?

अमळनेर : लागवड सांभाळतील. निंदणीला दोन बायका रोजाने जास्त लावाव्या लागतील.

सुरत : त्यांची मजुरी आमच्याकडून.

अमळनेर : छे! लेकीच्या सासरकडून पैसे घेऊ?

सुरत : हे पैसे तुम्हाला नाहीत. हा बाळंतपणाचा खर्च आहे. पहिल्या वेळी दवाखाना, औषधं, बाळंतविडा, बारसं, सगळं तुम्ही केलंत, आम्ही हात हलवत बसलो. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, पैसे कुठून आणले? नातवंड दोन घरांचं आहे, खर्चही दोन घरांचा. आणखी एक. तुम्ही आलात की या घरात बाळंतिणीच्या बाबतीत शब्द तुमचा. मी तुमच्या हाताखाली.

अमळनेर : आणि साड्यांचा गठ्ठा?

सुरत : तो उद्या परत जाईल. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत नवा येणार नाही. फीचं माझा मुलगा बघेल.

अमळनेर : आणि पत्र्याची खोली?

सुरत : पोरगी आजपासून खालच्या खोलीत. पुरुष वर नाहीतर ओटल्यावर झोपतील. पत्र्यावर चुना फासून घेते रविवारी. खिडकीला ओला पडदा.

चुन्याची गोष्ट जाता जाता सांगितली असली तरी ती महत्त्वाची आहे. अहमदाबादेत २०१०च्या मे महिन्यात उष्णतेची भयंकर लाट आली, पुष्कळ माणसं दगावली आणि २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा त्या शहराने केला. पुढे त्यातच गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम आलं. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो, खोलीत काही अंशांचा फरक पडतो. एअर कंडिशनर न परवडणाऱ्या घराला चुन्याची बादली आणि ब्रश नक्कीच परवडतो.

शेगडी, घुटी आणि पाणी

अमळनेर : शब्द माझा म्हणालात ना? मग शेक-शेगडी होईल. बाजेखाली निखारे, ओवा-शेपेची धुरी, खोलीची दारं बंद.

सुरत : इथे मात्र मी अडवणार. जूनमध्ये, बंद खोलीत, कोळसा? धुरात नवजात बाळाचा श्वास कोंडतो. कोळशाचा विषारी वायू तर दिसतही नाही.

अमळनेर : मग कंबर कशी शेकायची?

सुरत : गरम पाण्याची पिशवी. आणि तुमच्या हातचं मालिश, त्याला तोड नाही. कोमट पाण्याने अंघोळ. दारं उघडी.

अमळनेर : बरं. डिंकाचे लाडू?

सुरत : थोडे. पोरीला गोडी आहे. बाकी अळिवाची खीर, मुगाची खिचडी, नागलीची पेज. नागली इथे डांगची चांगली मिळते. शेपूची भाजी. शेजारच्या बेन बाळंतिणीचं काटलुं देतील, तेही चमचाभर चाखू. पाणी मात्र भरपूर, बाळंतिणीला पाणी तोडायचं नाही.

अमळनेर : बाळाला घुटी? मधाचं बोट?

सुरत : नाही. पहिला चीक, आणि नंतर आईचंच दूध, सहा महिने.

अमळनेर : उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकतो हो. दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी तरी?

सुरत : तेही नाही. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. कितीही कडक ऊन असलं तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याने पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि हगवण लागायची भीती वाढते. उन्हात बाळाला जास्त वेळा छातीशी घ्यायचं, एवढाच उपाय. कुंची-टोपडं दवाखान्यातून येताना आणि बारशाला. घरात नुसतं सुती झबलं.

अमळनेर : आम्ही पाणी पाजलं सगळ्यांना.

सुरत : मीही पाजलं, माझ्या थोरल्याला. तेव्हा जे माहीत होतं ते केलं. आता जे माहीत आहे ते करू.

अमळनेर : ठीक आहे. पण अंगाई माझी, अहिराणीतली. आणि पाचवीला सटवाईची पूजा मी मांडणार.

सुरत : मांडा. मी ताट धरेन.

दोघींनी आपापलं काय सोडलं आणि काय राखलं, ते पाहा. अमळनेरच्या बाईने शेगडी, घुटी आणि लेकीच्या घरी न राहण्याची रीत सोडली. सुरतेच्या बाईने गठ्ठ्याचे पैसे, घरातला पहिला शब्द आणि खालची खोली सोडली. राखलं काय? दवाखाना, झोप, मालिश, पूजा, थोरल्याची यात्रा, बाळाच्या कानावर पडणारी आजीची बोली. दोन्ही घरांच्या शहाणपणातलं जे कामाचं होतं ते बाळाच्या वाट्याला आलं.

माझं मत मी लपवून ठेवणार नाही. उन्हाळ्यात दिवस भरत असतील तर प्रवास पोटुशीने करू नये. तिच्या आईने करावा. माहेराची रीत मोडा, असं मी म्हणत नाही. बाईला काम न करता, संकोच न बाळगता, आपल्या माणसाच्या हाताखाली विसावा मिळावा, यासाठी ती रीत होती, आणि तो विसावा आजही तितकाच लागतो. तो घेऊन आजीच शहरात आली तर रीत पाळली जाते आणि दवाखानाही जवळ राहतो. मात्र आजीला बोलावणाऱ्यांनी तिच्या शेताचा, तिच्या गुडघ्यांचा, तिच्या संकोचाचा हिशेब आपल्या खर्चात धरायला हवा. तिला फुकटची दाई म्हणून बोलावणार असाल तर बोलावू नका. आणि ज्या घरी आई नाही, किंवा येऊ शकत नाही, तिथे सासूने, नणंदेने, नवऱ्याने तीच जागा भरावी : दुपारची झोप राखावी, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा, घरातलं नगावरचं काम थांबवावं. बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं गच्च दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावं.

सुरतेच्या मराठी घरांत हे सगळं आखाजीच्या दोन दिवस आधी, तिकिटाच्या रांगेत उभं राहून ठरतं, आणि म्हणून चुकतं. होळी झाली की बसा. कुठल्या महिन्यात दिवस भरतात ते कार्डावर लिहिलेलं असतंच. दोन्ही घरांनी फोनवर नाही, समोरासमोर बोलून खोली, पैसे, शेत, थोरल्याची सुट्टी आणि पावसात हलायची जागा ठरवून टाकावी, आणि त्या बैठकीत पोटुशीचं म्हणणं सर्वांत आधी ऐकावं. मग सुरत-भुसावळ मार्गावरचं तिकीट काढायला जा, आणि ते अमळनेरहून सुरतेला येणाऱ्या आजीच्या नावाचं काढा.